नागपूर ते मुंबई विमानप्रवास: अंतर, वेळ आणि गावातून निघण्याचा हिशेब (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी प्रवासाची तिकिटे काढून देण्याचे काम करतो. मुलाखतीसाठी, उपचारासाठी, शिकणाऱ्या मुलांना भेटण्यासाठी आणि आता परदेशी नोकरीसाठीही विमानाने जाणाऱ्यांची संख्या आमच्या भागात वाढली आहे. त्यांच्याकडून फोनवर आणि चिठ्ठ्यांवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवात साध्या प्रश्नांपासून असून अडचणीचे प्रश्न शेवटी आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नागपूर ते मुंबई हवाई अंतर नेमके किती आहे?

सुमारे ६८५ किलोमीटर. नागपूरच्या सोनेगाव येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळापासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंत पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून जी सर्वांत जवळची रेषा जाते, तिची ही लांबी आहे.

हा आकडा शाळेतल्या गणितानेही पडताळता येतो. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशात सुमारे २ अंशांचा आणि रेखांशात सुमारे ६.२ अंशांचा फरक आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तर आपल्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटर भरतो. म्हणजे दक्षिणोत्तर २२२ आणि पूर्वपश्चिम ६४५ किलोमीटर. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण ६८२च्या आसपास येतो. दहावीच्या विद्यार्थ्यांकडून हे उदाहरण मी आवर्जून सोडवून घेतो, कारण पायथागोरसचा सिद्धान्त आपल्याच दोन शहरांमध्ये उभा राहिलेला पाहून त्यांना फार आनंद होतो.

२. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर आहे, रेल्वेने ८३७ किलोमीटर दाखवतात आणि विमानाचे अंतर ६८५ सांगतात. यांतले खरे अंतर कोणते?

तिन्ही आकडे खरे आहेत, मात्र प्रत्येकाची वाट निराळी आहे. रेल्वे वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव, भुसावळ, मनमाड, नाशिक अशी गावे जोडत आणि कसाऱ्याचा घाट उतरत मुंबईच्या मुख्य स्थानकापर्यंत जाते, त्यामुळे तिचे अंतर सर्वांत जास्त भरते. समृद्धी महामार्ग शक्य तितका सरळ आखलेला आहे. शिवाय त्याचे ७०१ किलोमीटर नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचे आहेत. आमणेपासून प्रत्यक्ष मुंबईत पोहोचण्याचे अंतर, आणि तेथील गर्दीतला वेळ, त्यात धरलेला नाही.

हाच फरक नागपूरच्या झिरो माइलच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळी अंतरे मोजण्यासाठी उभारलेल्या, दगडावरही दिसतो. त्यावर हैदराबादचे अंतर ३१८ मैल कोरले आहे. त्याचे सुमारे ५१२ किलोमीटर होतात. हवाई अंतर मात्र ४३५ किलोमीटरच्या आतच आहे. दगडावरचे अंतर रस्त्याने चालणाऱ्या माणसासाठी होते, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन आकड्यांतला विरोध उरत नाही.

३. वेगवेगळ्या ठिकाणी अंतराचे वेगवेगळे आकडे का दिसतात? एके ठिकाणी ४२६, दुसरीकडे ३७० लिहिलेले आहे.

बहुतेक वेळा फरक मापाचा असतो. ६८५ किलोमीटर म्हणजे साधारण ४२६ मैल आणि तेच ३७० नॉटिकल मैल. विमान आणि जहाज या दोन्ही क्षेत्रांत नॉटिकल मैल वापरतात आणि एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. आकड्यापुढचे माप न वाचता दोन आकड्यांची तुलना करू नये.

दुसरे कारण असे की काही ठिकाणी विमानतळाऐवजी शहराच्या मध्यापासून मोजणी केलेली असते. त्यामुळे पाच-दहा किलोमीटर कमीजास्त होतात. प्रवासाच्या वेळेवर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

४. तिकिटावर दीड तास लिहिलेला असतो, पण विमानात उद्घोषणा होते ती सव्वा तासाची किंवा त्याहून कमी वेळाची. मग खरा वेळ कोणता धरायचा?

तिकिटावरचा धरावा. तिकिटावरचा वेळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. व्यवसायात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. उद्घोषणेत सांगितलेला वेळ बहुधा केवळ हवेतला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, पुढच्या विमानांच्या रांगेत थांबणे आणि उतरल्यावर पुन्हा जागेपर्यंत येणे हे त्यात येत नाही. नागपूर ते मुंबई या प्रवासासाठी वेळापत्रकात साधारण १ तास २५ मिनिटे ते १ तास ४० मिनिटे दिलेली असतात.

ब्लॉक टाइमचे महत्त्व केवळ माहितीपुरते नाही. विमान रद्द झाल्यावर मिळणारी भरपाईही त्यावरच ठरते. ते प्रश्न १४ मध्ये पाहावे.

५. विमान ताशी ८०० किलोमीटरने उडते, तर ६८५ किलोमीटरला तासाहून जास्त वेळ का लागतो?

कारण तो वेग सबंध प्रवासभर नसतो. साध्या प्रवासी जेट विमानाचा वरच्या उंचीवरचा वेग ताशी ८०० ते ८५० किलोमीटर असतो हे खरे, परंतु त्या उंचीवर पोहोचण्यास वीस मिनिटांच्या आसपास आणि उतरण्यास त्याहून थोडी अधिक मिनिटे लागतात. मुंबईसारख्या जवळच्या प्रवासात विमान पूर्ण वेगाने फार थोडा वेळ उडते.

घरच्या घरी अंदाज बांधण्याची एक सोपी रीत मी वापरतो. किलोमीटरमधील हवाई अंतराला ८०० ने भागावे, येणाऱ्या तासांची मिनिटे करावीत आणि त्यांत ३५ मिनिटे मिळवावीत. मुंबईसाठी ५१ अधिक ३५, म्हणजे १ तास २६ मिनिटे येतात आणि ती वेळापत्रकाशी चांगली जुळतात. पंख्याच्या विमानाला ही रीत लागू पडत नाही, त्याविषयी प्रश्न ९ पाहावा.

६. माझे विमान सकाळी दहाचे आहे. गावाहून किती वाजता निघावे?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि सर्वांत जास्त चुकाही येथेच होतात, म्हणून त्याचे उत्तर विस्ताराने देतो.

हिशेब नेहमी उलटा, म्हणजे विमान सुटण्याच्या वेळेपासून मागे करावा. देशांतर्गत प्रवासात सामान देण्याची आणि बोर्डिंग पास घेण्याची खिडकी साधारणपणे विमान सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद होते आणि विमानात चढण्याचे दार साधारण २५ मिनिटे आधी बंद होते. दहाच्या विमानासाठी नऊ वाजता खिडकी बंद आणि ९ वाजून ३५ मिनिटांनी दार बंद. सुरक्षा तपासणीची रांग लक्षात घेता आठ वाजता विमानतळावर पोहोचलेले असावे. यवतमाळहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर आहे. स्वतःचे वाहन असले तरी तीन ते साडेतीन तास धरावेत, म्हणजे यवतमाळ साडेचारला सोडावे लागते. गाव यवतमाळपासून तासाभराच्या अंतरावर असेल तर घराचे दार पहाटे साडेतीनला ओढावे लागते.

आता पुढचा भाग पाहा. विमान साडेअकराला मुंबईत उतरले, सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास गेला आणि परळला पोहोचण्यास आणखी तास गेला, तर दुपारचा एक वाजतो. साडेतीन ते एक असा साडेनऊ तासांचा हा प्रवास आहे आणि त्यातला हवेतला वेळ जेमतेम सव्वा तासाचा आहे. नियोजन करताना हे साडेनऊ तासच समोर ठेवावेत. तिकिटावरच्या दीड तासाकडे पाहून मुंबईतली दुपारी साडेबाराची भेट ठरवणाऱ्यांची पुढे फार ओढाताण होते.

एका दिवाळीत मी स्वतः हा हिशेब चुकवला. रस्त्याचे काम सुरू असल्याने वाटेत वाहने खोळंबली आणि मी विमान सुटण्याच्या ५२ मिनिटे आधी खिडकीपाशी पोहोचलो. विमान समोर उभे होते, पण खिडकी बंद झालेली होती. सोबत आई होती आणि दुसऱ्या दिवशी तिची मुंबईतल्या रुग्णालयात तपासणी ठरलेली होती. ती तपासणी पुढे तीन आठवडे लांबली. तेव्हापासून मी कोणालाही तिकीट काढून देताना त्यावर घरून निघण्याची वेळ पेनाने लिहून देतो.

सामान केवळ हातातले असेल आणि वेब चेक-इन, म्हणजे मोबाइलवरून किंवा संगणकावरून बोर्डिंग पास काढणे, आदल्या दिवशी करून ठेवले असेल, तर खिडकीचे बंधन राहत नाही. तरी दाराचे बंधन राहतेच.

७. एसटीने येताना नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावर उतरावे की आधीच?

यवतमाळ, वर्धा, हिंगणघाट किंवा चंद्रपूरकडून येणाऱ्यांनी गणेशपेठपर्यंत जाऊ नये. या बाजूच्या गाड्या बहुधा बुटीबोरीवरून वर्धा मार्गाने नागपुरात शिरतात आणि विमानतळ त्याच मार्गावर, शहर सुरू होण्याच्या आधी लागतो. वाहकाला आधी विचारून विमानतळाजवळच्या थांब्यावर उतरल्यास शहरातली जा-ये वाचते. उमरेड मार्गाने येणाऱ्या गडचिरोलीच्या आणि भंडारा मार्गाने येणाऱ्या गोंदिया-भंडाऱ्याच्या प्रवाशांना मात्र शहर ओलांडावे लागते किंवा बाहेरचा वळणरस्ता घ्यावा लागतो. त्यांनी अर्धा ते पाऊण तास जास्त धरावा. रेल्वेने नागपूरला येणाऱ्यांना मेट्रोची सोय आहे. एअरपोर्ट नावाचे मेट्रो स्थानक वर्धा मार्गावर आहे, ते विमानतळाच्या इमारतीला लागून नाही, म्हणून जड सामान असल्यास पुढे रिक्षा धरावी लागते.

८. जाताना आणि येताना वेळ वेगळी का असते? अंतर तर तेच आहे.

वरच्या हवेतील वाऱ्यामुळे. हिवाळ्यात आपल्याकडे दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यामुळे मुंबईहून नागपूरला येणाऱ्या विमानाला पाठीमागून वारा मिळतो आणि नागपूरहून जाणाऱ्याला समोरून लागतो. पावसाळ्यात द्वीपकल्पावरच्या वरच्या थरांत पूर्वेकडून वारे वाहू लागतात आणि हा फायदा उलट बाजूला जाऊ शकतो. इतक्या जवळच्या प्रवासात फरक काही मिनिटांचाच असतो.

मुंबईकडे जाताना आणखी एक कारण जोडले जाते. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींचा एकाच वेळी स्वतंत्रपणे उपयोग करता येत नाही. गर्दीच्या वेळी विमानांना हवेतच घिरट्या घालत थांबावे लागते. वसई-विरारच्या आसपास आल्यावरही विमान पुन्हा वळते तेव्हा प्रवासी घाबरतात. ते आपला क्रम येण्याची वाट पाहत असते, त्यात काळजीचे कारण नाही.

९. अमरावतीहून मुंबईचे अंतर नागपूरपेक्षा कमी आहे, तरी विमानाला वेळ जास्त का लागतो?

बेलोरा येथील अमरावती विमानतळावरून मुंबईची सेवा १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाली. तेथून मुंबईचे हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर, म्हणजे नागपूरपेक्षा सुमारे १४५ किलोमीटरने कमी आहे. परंतु ही सेवा एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाने सुरू झाली आणि त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटरची आहे, तर नागपूरची ३,२०० मीटरची. कमी लांबीच्या धावपट्टीवर आणि थोड्या प्रवाशांच्या मार्गावर अशीच विमाने परवडतात. म्हणून अंतर कमी असूनही पावणेदोन तासांच्या आसपास वेळ धरावा लागतो.

तरीही अमरावती, दर्यापूर, चांदूर रेल्वे, नेर, दारव्हा या भागांतील प्रवाशांना मी बेलोराच सुचवतो. हवेत वाढणारी वीस मिनिटे रस्त्यावर वाचणाऱ्या दोन तासांपुढे काहीच नाहीत. अट एकच. ही सेवा रोजची म्हणून सुरू झालेली नव्हती, तेव्हा आपल्या दिवशी विमान आहे की नाही हे पाहूनच पुढचे ठरवावे आणि परतीचाही दिवस त्याच वेळी तपासावा.

१०. आमचे गाव नागपूरपासून फार दूर आहे. विदर्भातल्या सगळ्यांनी नागपूरलाच यावे का?

मुळीच नाही, आणि ही समजूत मोडावी असे मला मनापासून वाटते. विदर्भ पूर्वपश्चिम फार लांब पसरलेला आहे.

बुलडाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेडराजा या भागांना छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ पुष्कळ जवळ पडतो. मेहकरच्या माणसाने मुंबईला जाण्यासाठी नागपूरला येणे म्हणजे तीनशे किलोमीटरच्या आसपास उलट्या दिशेने जाऊन पुन्हा तेवढेच अंतर हवेतून परत कापणे आहे. त्यापेक्षा समृद्धीवरून थेट पश्चिमेकडे निघालेले बरे. उमरखेड आणि पुसदच्या दक्षिणेकडील गावांनी नांदेडचा विमानतळ पाहावा. सिरोंचाची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. गोदावरीवरील पूल झाल्यापासून तेथून हैदराबाद नागपूरपेक्षा जवळ पडते आणि हैदराबादहून उड्डाणेही कितीतरी जास्त आहेत. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून हैदराबादची सेवा डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, त्यामुळे आमगाव, तिरोडा, सालेकसा या भागांतून दक्षिणेकडे जाणाऱ्यांनी आधी तिची चौकशी करावी.

अकोल्याचा शिवणी विमानतळ आणि यवतमाळ व चंद्रपूरजवळच्या धावपट्ट्या नकाशावर दिसतात, म्हणून तेथून तिकीट मिळेल असे अनेकांना वाटते. नियमित प्रवासी सेवा नसल्यास धावपट्टी असूनही प्रवाशाला तिचा उपयोग होत नाही.

११. मग मुंबईसाठी विमान, रेल्वे आणि समृद्धी यांतले काय निवडावे?

वेळेच्या दृष्टीने पाहिल्यास उत्तर गावावर अवलंबून आहे. नागपूर, वर्धा, भंडारा आणि चंद्रपूरच्या लोकांचा विमानाने निश्चित वेळ वाचतो. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाल्यानंतर नागपूर ते आमणे आठ तासांत पार करता येते. तेथे सपाट भागात कारसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि दुचाकी व रिक्षा यांना प्रवेश नाही. परंतु एकट्याने रात्रभर वाहन चालवून मुंबई गाठण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही. सरळ, मोकळ्या रस्त्यावर डोळा लागणे सोपे असते.

अकोला, शेगाव, मलकापूर, बडनेरा येथील प्रवाशांसाठी रात्रीची रेल्वे अजूनही उत्तम आहे. विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावतीची अंबा एक्सप्रेस संध्याकाळी-रात्री धरली की झोपेत प्रवास होतो आणि सकाळी माणूस थेट मुंबईच्या मध्यात उतरतो. जागेपणीचे तास मोजले तर प्रश्न ६ मधल्या साडेनऊ तासांपेक्षा ही रात्र स्वस्त पडते.

१२. नागपूरहून इतर शहरांचे अंतर आणि वेळ किती?

पुणे सुमारे ६०५ किलोमीटर आणि साधारण १ तास २० मिनिटे. हैदराबाद ४३० ते ४३५ किलोमीटर, जेट विमानाने सव्वा तासाच्या आत-बाहेर. दिल्ली सुमारे ८५५ किलोमीटर आणि १ तास ४० मिनिटे ते पावणेदोन तास. रेल्वेने हेच अंतर सुमारे १,०९० किलोमीटर होते. बंगळुरू ८९० किलोमीटरच्या आसपास आणि वेळ दिल्लीइतकाच. चेन्नई सुमारे ९१० आणि कोलकाता सुमारे ९८५ किलोमीटर.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे नागपूरचे स्थान डोळ्यांसमोर उभे राहते. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही ठिकाणांहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. चारही अंतरे एका रात्रीत जाऊन येण्याजोगी होती, म्हणूनच हे शक्य झाले. विदर्भातील प्रत्येक मुलाला ही गोष्ट माहीत असायला हवी.

१३. थेट विमान मिळाले नाही आणि एका थांब्याचे तिकीट आहे. वेळ कसा मोजावा?

तिकिटावर दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, सबंध प्रवासाचा एकूण वेळ. नागपूरहून पुण्याला दिल्लीमार्गे पाठवणारी तिकिटे असतात, त्यांत हवाई अंतर दुपटीहून कितीतरी अधिक होते आणि मधल्या विमानतळावर चार-पाच तासही जातात. दुसरी, दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर आहेत का. एकाच तिकिटावर असतील आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले, तर पुढची व्यवस्था करण्याची जबाबदारी विमान कंपनीची असते. दोन वेगळी तिकिटे काढून पैसे वाचवणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही. अशा वेळी मधे किमान चार तास ठेवावेत.

१४. विमानाला उशीर झाला किंवा ते रद्द झाले तर काय मिळते?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, अडीच तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून अधिक उशीर होणार असेल, तर वेळेवर आलेल्या प्रवाशांना खाणेपिणे द्यावे लागते. उशीर सहा तासांहून जास्त होणार असेल, तर दुसरे विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे यांची निवड प्रवाशाला द्यावी लागते.

ठरलेल्या मुदतीत पूर्वसूचना न देता विमान रद्द केल्यास भरपाईही आहे. एका तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमसाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५०० रुपये आणि त्याहून अधिकसाठी १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. नागपूरहून मुंबई, पुणे, दिल्ली ही सर्व उड्डाणे मधल्या गटात येतात. खराब हवामान, सुरक्षेची कारणे किंवा नैसर्गिक आपत्ती असल्यास ही भरपाई लागू होत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे होणारे उशीर याच अपवादात मोडतात, म्हणून त्या दिवसांत दिल्लीला जाताना सकाळच्या पहिल्या विमानावर विसंबून दुपारची मुलाखत ठेवू नये.

पैशांची मागणी करताना तिकिटात दिलेला आपलाच मोबाइल क्रमांक लागतो. दुसऱ्याच्या क्रमांकावर तिकीट काढल्यास रद्द झाल्याची सूचना आपल्यापर्यंत पोहोचतच नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

१५. मुंबईच्या तिकिटावर नवी मुंबई लिहिले आहे. यामुळे वेळेत फरक पडेल का?

हवेतल्या वेळेत जवळजवळ काही नाही, जमिनीवरच्या वेळेत मात्र फार. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून उड्डाणे सुरू झाली. तिकिटावर बीओएम असेल तर जुना मुंबई विमानतळ आणि एनएमआय असेल तर नवी मुंबई. पनवेल, खारघर किंवा पुण्याच्या दिशेला जायचे असल्यास नवी मुंबई सोयीचा आहे. अंधेरी, बोरिवली किंवा परळला जाणाऱ्याला तो लांब पडतो. जुन्या विमानतळावरही टर्मिनल १ आणि टर्मिनल २ यांची दारे वेगवेगळ्या भागांत आहेत. परतीच्या वेळी टर्मिनलचा आकडा रिक्षावाल्याला आधीच सांगावा.

१६. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:२० आहे. विमानतळावर कोणत्या दिवशी जायचे?

१४ तारखेच्या रात्री. मध्यरात्री बारा वाजता तारीख बदलते, त्यामुळे १५ तारखेची ००:२० ही वेळ १४ तारखेच्या रात्रीच्या जेवणानंतर काही तासांतच येते. आपल्याकडे दिवस सूर्योदयापासून मोजण्याची सवय असल्याने हा घोटाळा सुशिक्षितांकडूनही होतो. अशा तिकिटासाठी १४ तारखेच्या संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास यवतमाळ सोडावे.

१७. शारजाला जाणारे विमान चारला सुटून सहाला पोहोचते असे तिकिटावर दिसते. इतक्या लांब दोनच तासांत कसे?

तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ छापलेली असते. नागपूर ते शारजा हवाई अंतर सुमारे २,४५० किलोमीटर आहे आणि शारजाचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तासाने मागे असते. चारला निघून तेथील सहाला पोहोचणे म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन तासांचा प्रवास. दोहाचे घड्याळ अडीच तासांनी मागे आहे. परतताना हेच तास वाढलेले दिसतात. देशाच्या आत ही अडचण नाही, कारण सबंध भारतात एकच प्रमाण वेळ आहे. सूर्य मात्र घड्याळ पाळत नाही. मुंबई आपल्या पश्चिमेला ६.२ अंशांवर असल्याने तेथे सूर्य साधारण २५ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो.

आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी विमानतळावर तीन तास आधी पोहोचावे, प्रश्न ६ मधले दोन तास येथे पुरत नाहीत.

१८. रुग्णाला उपचारासाठी मुंबईला न्यायचे आहे. वेळेचा हिशेब वेगळा करावा का?

होय. चाकाची खुर्ची हवी असल्यास ती विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवावी. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असल्यास, प्राणवायू लागत असल्यास किंवा रुग्णाला स्ट्रेचरवर न्यायचे असल्यास कंपनी डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय अर्ज मागते आणि तो मंजूर होण्यास वेळ लागतो, म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच त्याची चौकशी करावी. अशा प्रवाशासोबत विमानतळावर अडीच तास आधी पोहोचावे. मुंबईत उतरल्यावर खुर्चीवरील प्रवाशाला बहुधा सर्वांत शेवटी उतरवतात, त्यामुळे बाहेर पडण्यास पाऊण तास धरावा.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात सकाळी नोंदणी असेल तर आदल्या दिवशी दुपारच्या विमानाने जावे. पहाटे साडेतीनला उठवून, दीडशे किलोमीटर रस्त्याने आणून, मग विमानात बसवून त्याच दिवशी रुग्णाला तपासणीच्या रांगेत उभे करणे निरोगी माणसालाही झेपत नाही. दुपारचे विमान असले म्हणजे रुग्ण गावाहून उजेडात निघतो, वाटेत दोनदा थांबता येते आणि संध्याकाळी जेवून वेळेवर झोपता येते.